बोर : अभयारण्य की राष्ट्रीय उद्यान?

"बोरला वाघ आहे, मग ते राष्ट्रीय उद्यानच ना मॅडम?" हा प्रश्न दरवर्षी वर्गात येतोच. पहिल्या वर्षी मी स्वतःच फळ्यावर 'बोर राष्ट्रीय उद्यान' लिहून बसले होते!

बोर हे अभयारण्य आहे, १९७० पासून. २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्र सुमारे १३८ चौ.किमी., म्हणजे तसं लहानच. आपल्या सिंदी मेघेहून सेलू, हिंगणीमार्गे जाता येतं. जंगलाला लागूनच बोर नदीवरचं मातीचं धरण आहे. उन्हाळ्यात नाले आटले की वन्यप्राणी या जलाशयावर येतात, आणि हेच पाणी कालव्याने शेताला जातं. नदीचं पाणी शेवटी वर्धा नदीत, पुढे प्राणहितेतून गोदावरीत.

मग फरक कशात? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरं चारता येत नाहीत. अभयारण्यात काही हक्क नियमात बसवून ठेवता येतात. मात्र व्याघ्र प्रकल्प झाला की गाभा क्षेत्रात चराईवर बंधनं येतात. आपल्या जिल्ह्याची गवळाऊ गाय याच रानात चरून वाढली. ती पाळणाऱ्या नंदगवळ्यांनी गुरं न्यायची कुठं? वाघही हवा, गायही हवी. सोपं उत्तर माझ्याकडेही नाही.

महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान ताडोबा, १९५५ चं. एवढं पाठ करा.

गृहपाठ : घरच्या आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी गुरं कुठं चरायला जात? उत्तर वहीत लिहून आणा.