सोळा प्रवाशांच्या बोटीतून गालापागोस

गालापागोस बेटं इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटर पश्चिमेला, पॅसिफिक महासागरात आहेत. शंभरहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला या बेटांमध्ये सहली करता येत नाहीत, आणि पुष्कळशा बोटी तर जेमतेम सोळा जणांच्या असतात. सोळाच का? राष्ट्रीय उद्यानाच्या नियमानुसार एका परवानाधारक मार्गदर्शकासोबत सोळापेक्षा जास्त माणसं बेटावर उतरू शकत नाहीत. म्हणून एक बोट, एक मार्गदर्शक, एक गट. अशा बोटीवर कॅसिनो नाही, नाचगाणी नाहीत, तीन-तीन भोजनगृहं नाहीत. जे ठरवायचं ते घरी बसूनच ठरवायचं, कारण एकदा बोटीवर चढलं की तुमच्या हातात फारसं काही उरत नाही. या लेखातला मोठा भाग म्हणूनच निघण्यापूर्वीच्या तयारीचा आहे.

पहिलं काम म्हणजे मार्ग निवडणं. एजंट तुम्हाला केबिनचे फोटो दाखवतील. तुम्ही नकाशा मागा. कोणत्या बोटीने कोणत्या दिवशी कुठे उतरायचं हे उद्यान ठरवतं आणि तीच बोट चौदा दिवसांच्या आत त्याच जागी पुन्हा जाऊ शकत नाही. त्यामुळे एकाच बोटीचे दोन वेगळे मार्ग आलटून पालटून चालतात. पश्चिमेच्या मार्गावर फर्नांदिना आणि इसाबेला ही बेटं लागतात. तिथे न उडणारे पाणकावळे, विषुववृत्तावरचे पेंग्विन आणि एकमेकांच्या अंगावर पसरलेले समुद्री इग्वाना दिसतात. पूर्वेच्या मार्गावर एस्पान्योला आहे, म्हणजे अल्बट्रॉस. पण साधारण जानेवारी ते मार्च हे पक्षी समुद्रावर असतात, बेटावर नाही. उत्तरेचं खेनोवेसा लाल पायांच्या बूबी पक्ष्यांसाठी. निळ्या पायांचे बूबी मात्र बऱ्याच बेटांवर भेटतात, त्यांच्यासाठी मार्ग बदलू नका.

मग महिना. डिसेंबर ते मे ऊन, अधूनमधून सरी, समुद्र त्यातल्या त्यात शांत आणि पाणी पोहण्याजोगं. जून ते नोव्हेंबर हम्बोल्ट प्रवाहाचं गार पाणी येतं, आभाळ झाकोळलेलं राहतं, पण त्याच पाण्यातून भरपूर खाद्य येत असल्यामुळे समुद्रातली वर्दळ वाढते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लाटा सर्वात जास्त. ज्यांना बोट लागते त्यांनी हे दोन महिने टाळावेत.

केबिनच्या बाबतीत लोक हमखास वरच्या मजल्याचे जास्त पैसे मोजतात. वर मोठी खिडकी मिळते, पण डोलणंही जास्त मिळतं. या बोटी लांबचा पल्ला बहुतेक रात्री, तुम्ही झोपेत असताना, कापतात. जहाज सर्वात कमी हलतं ते खाली आणि मध्यभागी. तीच केबिन मागा, इंजिनाच्या भिंतीला लागून नको. दिवसभर तुम्ही बाहेरच असणार आहात; छोट्या गोल खिडकीने काही बिघडत नाही.

कागदपत्रांत व्हिसाइतकाच महत्त्वाचा आहे पीतज्वराच्या लशीचा दाखला. गालापागोसमध्ये हा आजार नाही, पण इक्वेडोर भारताच्या पीतज्वरग्रस्त देशांच्या यादीत आहे. परतताना दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात जावं लागू शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते दूतावासाकडूनच तपासा. इक्वेडोरचं चलन अमेरिकन डॉलर आहे. उद्यानाचं शुल्क ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रौढांना २०० डॉलर झालं आहे. त्याशिवाय बेटांवर जाण्याचं कार्ड वेगळं घ्यावं लागतं. रोख रक्कम जवळ ठेवा, तीही छोट्या नोटांत.

सामान मऊ बॅगेत भरा. कडक सूटकेस ठेवायला केबिनमध्ये जागा नसते. रिकामी झालेली बॅग घडी करून पलंगाखाली जाते. वीज ११०-१२० व्होल्टची आणि खाचा अमेरिकन पद्धतीच्या, तेव्हा ॲडाप्टर लागेल. दोरीची टोपी, पायाला घट्ट बसणारे सँडल, चालायचे बूट, पाण्याची बाटली. एवढ्यावर भागतं. कीटो किंवा ग्वायाकिल विमानतळावर गालापागोसला जाणाऱ्यांचं सामान वेगळं तपासतात. ताजी फळं, बिया, रोपं, माती यांना बंदी आहे. मोड आणायला नेलेले मूग तिथेच राहतील.

जेवणाचं बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. एक स्वयंपाकी, छोटंसं स्वयंपाकघर आणि वाटेत बाजार नाही. ‘व्हेजिटेरियन’ एवढं लिहून थांबू नका. मासे, कोंबडी, अंडी यांतलं काय चालत नाही ते एकेक करून लिहा, कारण मासे न खाणारा माणूस समुद्रावर का आला, असा प्रश्न तिथल्या स्वयंपाक्याला पडू शकतो. तुम्ही सोळा जण मिळून अख्खी बोटच घेतलीत तर डाळ-भातही जमवता येतो. मोठ्या मराठी कंपूला हा पर्याय खरोखर परवडण्याजोगा ठरू शकतो.

बोट लागू नये म्हणून गोळी डॉक्टरांना विचारून आधीच आणा आणि जहाज सुटण्यापूर्वी घ्या. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. इतक्या छोट्या बोटीवर सहसा डॉक्टर नसतो, म्हणून रोजची औषधं जास्तीची न्या आणि समुद्रातून हलवण्याचा खर्च देणारा विमा घ्या.

आता प्रत्यक्ष दिवस. सकाळी सहाच्या सुमारास उठवतात, न्याहारी होते आणि आठपर्यंत तुम्ही पांगामध्ये असता. पांगा म्हणजे जहाजाला बांधलेली मोटरची रबरी होडी. तिच्यात चढताना दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा पिशवीत. खलाशाचा तळवा धरायचा नाही, मनगटाच्या वर हात धरायचा आणि त्याने तुमचा तसाच धरायचा. ओला हात निसटला तरी पकड सुटत नाही. आधी होडीच्या कडेवर पाय, मग आत, मग लगेच खाली बसायचं. एका वेळी एकच माणूस उभा. आदल्या संध्याकाळीच मार्गदर्शक सांगतो की उद्या उतरणं कोरडं आहे की ओलं. कोरडं असेल तर बूट घालून खडकावर पाऊल. ओलं असेल तर कडेवर बसून, पाय बाहेर वळवून, गुडघाभर पाण्यात. ही सूचना जेवणाच्या गडबडीत ऐकायची राहिली की दुसऱ्या दिवशी बूट भिजतात.

बेटावर आखलेली वाट सोडायची नाही, प्राण्यांपासून दोन मीटर अंतर ठेवायचं, फ्लॅश आणि ड्रोन नाही. अडचण अशी की प्राण्यांना हा नियम ठाऊक नसतो. समुद्रसिंहाचं पिल्लू स्वतःहून जवळ आलं तर हात मागे घेऊन उभं राहा, मग मागे सरका. फ्लोरेआना बेटावर देवमासे मारणाऱ्यांच्या काळापासून टपालाचं पिंप आहे. त्यातली पत्रं चाळा; पुण्या-मुंबईचा पत्ता दिसला तर ते पत्र उचला आणि स्वतः नेऊन द्या, तिकीट लागत नाही.

बोटीवर परतल्यावर पाय धुवायचे, बूट टोपलीत. पाणी समुद्राचंच गोडं केलेलं असतं, आंघोळ आटोपशीर करा. शौचालयाचा कागद शेजारच्या डब्यात टाका. इंटरनेट मिळालंच तर नशीब समजा. शेवटच्या रात्री खलाशांची आणि मार्गदर्शकाची बक्षिसी वेगवेगळ्या पाकिटांत, रोख.

शेवटच्या दिवशी न्याहारीच्या आधी-नंतर एखादी छोटी फेरी होते आणि केबिन रिकामी करून तुम्ही विमानतळाकडे निघता. पहिला दिवसही अर्धा विमानातच गेलेला असतो. म्हणजे ‘चार दिवसांच्या’ सफरीत पूर्ण दिवस दोनच. भारतातून एवढा पल्ला मारून जायचं तर आठ दिवसांची सफर घ्या. ती परवडत नसेल तर सांताक्रूझ बेटावर हॉटेलात राहून रोजच्या सहलीच्या बोटी करा. चार दिवसांची घेऊ नका.