शैक्षणिक कर्ज : बँकेतील पहिली भेट

उच्च शिक्षणासाठी कर्ज मागावयास गेलेला विद्यार्थी बहुधा वडिलांच्या मागे उभा राहतो व अधिकाऱ्यांच्या प्रश्नांना वडीलच उत्तरे देतात. पालक सहकर्जदार असले, तरी शिक्षण विद्यार्थ्याचे असते; म्हणून बोलावयासही त्यानेच हवे. प्रवेशपत्र, गुणपत्रिका व शुल्काचा तक्ता क्रमाने लावून न्यावा. अभ्यासक्रम किती वर्षांचा, एकूण खर्च किती, घरून किती रक्कम उभी राहील, हे कागद न पाहता सांगता यावे. वडिलांचे थकलेले बँककर्ज लपवू नये. पतअहवालात ते दिसतेच. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ४ लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास बँकांनी तारण घ्यावयाचे नसते. हे जाणणारा विद्यार्थी याचक म्हणून नव्हे, तर जबाबदार कर्जदार म्हणून अधिकाऱ्यांसमोर बसतो.