गप्प केलेल्या ओळी

नेरुळच्या घरातला माझा जुना डेस्कटॉप बाबांना दिला. त्यांना मराठी मेनू हवे होते, म्हणून त्यावर सी-डॅकचं, डेबियनवर बेतलेलं बॉस लिनक्स चढवलं. पण मेनू येण्याआधी काळ्या पडद्यावरून इंग्रजी ओळी भराभर सरकायच्या आणि आतून हाक यायची, "अरे, बिघडला का रे हा?" त्या ओळी लपवण्याच्या खटपटीत जे उमगलं, ते असं.

१. मला सवयीच्या असलेल्या ओळींची बाबांना धास्ती वाटत होती. अडचणी कळाव्यात म्हणून त्या ओळी दाबणारा 'क्वाएट' हा शब्द सेटिंगमधून मीच काढून ठेवला होता. डेस्कटॉप मराठी झाला तरी प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, इंग्रजीतच बोलतो, आणि रोज सकाळी बाबांना वाटायचं, आपल्याच हातून काही बिघडलं.

२. लपवणं दोन मिनिटांचं काम निघालं. प्रणाली सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश' लिहिलं, 'अपडेट-ग्रब' चालवलं आणि ओळींच्या जागी चित्र आलं. ते दाखवणारा प्लिमथ हा प्रोग्रॅम २००८ साली फेडोरा १० बरोबर आला.

३. 'क्वाएट' म्हटलं तरी सगळं गप्प होत नाही. कर्नलच्या संदेशांना ० ते ७ अशा आठ पातळ्या असतात. ० सर्वांत गंभीर. 'क्वाएट' असतानाही ० ते ३ पातळीचे संदेश दिसतात. त्यामुळे एसीपीआयच्या (वीज-व्यवस्थापनाच्या) त्रुटीची तिसऱ्या पातळीवरची एक निरुपद्रवी ओळ रोज डोकावायची. मी 'लॉगलेव्हल=३' लिहिलं. आता ३ पेक्षा कमी आकड्याचेच संदेश दिसणार होते. पडदा स्वच्छ झाला, बाबा निर्धास्त झाले.

४. एका पातळीवरचे सगळे संदेश सारख्या मोलाचे नसतात. डिस्क वाचता येत नसल्याची तक्रारही तिसऱ्याच पातळीवर येते, हे मी ध्यानातच घेतलं नव्हतं. त्या पावसाळ्यात आईच्या फोटोंचं एक फोल्डर उघडेना. साठवलेल्या नोंदी दाखवणारी 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा लावून पाहिलं, तर डिस्क कित्येक आठवडे तेच सांगत होती. नोंद पुसली गेली नव्हती, फक्त पडद्यावर यायची थांबली होती. बरेच फोटो वाचले. काही गेले. त्याची रुखरुख अजून आहे.

५. भीती घालवायला ओळ लपवण्यापेक्षा ती समजावून सांगणं जास्त उपयोगी पडलं. नवी डिस्क बसवली, 'लॉगलेव्हल' काढलं, चित्र ठेवलं. ती एसीपीआयची ओळ बाबांना दाखवून म्हटलं, "ही रोजची. हिच्याशिवाय दुसरी दिसली तर सांगा." दर रविवारी नोंदीही आता मी वाचतो. मागच्या आठवड्यात ऑफिसात त्यांचा फोन आला, "अरे, आज दोन ओळी आहेत. दुसरी वहीत उतरवून ठेवलीय."