वऱ्हाडचें ऊन्ह आणि मेंढ्याची निवड

धनगरांचीं मेंढरें खतासाठीं रानांत बसविण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. पण स्वतःचा कळप बाळगूं पाहणारे शेतकरी आम्हांस बहुधा एकच प्रश्न विचारतात, कीं मोठ्या अंगाचा मेंढा कोठें मिळेल ? आमच्या मतें पहिला प्रश्न हा नव्हे. अकोल्यास व अमरावतीस वैशाखांत पारा 45 अंशांवर चढतो, त्या दिवसांत तो मेंढा काय करील, हें आधीं पाहिलें पाहिजे.

मेंढराच्या अंगची स्वाभाविक उष्णता सुमारें 39 अंश असते. हवा त्याहून तापली म्हणजे अंगांतील उष्णता बाहेर टाकण्यास ओलावा उडविणें हाच मार्ग उरतो. मेंढरास घाम येतो, पण थोडा. मुख्य काम धापेनें होतें. सावलींत स्वस्थ असतां मिनिटास वीस-तीस श्वास घेणारें जनावर उन्हांत शंभराहून अधिक घेऊं लागतें. ह्या श्रमांत चारा सुटतो आणि पाणी फार लागतें. पूर्णेकांठच्या खारपाण पट्ट्यांत विहिरीचें पाणीच खारट, तेथें ही अडचण दुणावते.

लोकरीमुळें मेंढरूं भाजतें हा समज मात्र अर्धाच खरा आहे. लोकर घोंगडीप्रमाणें ऊन्ह वरच्यावर अडविते. म्हणून भर वैशाखांत मेंढरें उघडीं कातरूं नयेत; फाल्गुनांत कातरावीं.

आतां जातींकडे वळूं. आमच्या हातून गेलेल्या पशुगणनेच्या तक्त्यांत मेंढरांस देशी व संकरित एवढे दोनच रकाने असत. पण उन्हाचा हिशेब त्यांत मावत नाहीं. आपली दख्खनी मेंढी लहान चणीची, बहुधा काळी, भरड व विरळ लोकरीची. विरळपणामुळें वारा कातडीपर्यंत पोंचतो. काळा रंग ऊन्ह अधिक ओढतो, हा तिचा दोष. पण लहान अंगास थोडा चारा पुरतो. कच्छचे रबारी विदर्भांत कळप घेऊन फिरतात. त्यांच्याकडील पाटणवाडी मेंढरें तांबूस तोंडाचीं, पांढऱ्या अंगाचीं व उंच पायांचीं. पांढरा रंग ऊन्ह परतवितो आणि पोट तापलेल्या भुईपासून दूर राहतें. जत तालुक्यांतील माडग्याळ व आंध्रांतील नेल्लोर ह्याही उंच, जवळजवळ बिनलोकरीच्या जाती.

बारीक लोकरीसाठीं मेरिनो व राम्बुले मेंढे दख्खनी मेंढ्यांवर सोडण्याचे प्रयोग महाराष्ट्रांत झाले. मेरिनो ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या रानांत टिकते हें खरें. पण मृगाच्या सरी पडून हवा कोंदट झाली, कीं दाट लोकरीखालीं ओल अडकते आणि धापेचाही उपयोग घटतो.

आम्हीं स्वतः एकदां अर्ध्या राम्बुले रक्ताचा धिप्पाड मेंढा आणिला. वैशाख त्यानें निभावला, म्हणून आम्ही निर्धास्त झालों आणि ज्येष्ठ-आषाढांत 20 मेंढ्या त्याच्या हवालीं केल्या. मार्गशीर्षापर्यंत व्याल्या अवघ्या 6. कारण मागाहून कळलें. वृषण अंगाहून कांहीं अंश थंड राहिले तरच वीर्य सकस राहतें, आणि नवें वीर्य तयार होण्यास सुमारें सात आठवडे लागतात. वैशाखांतला बिघाड आषाढापर्यंत भोंवतो तो असा. मेंढा धडधाकट दिसतो, मेंढीवर चढतोही, पण मेंढ्या फळत नाहींत.

तेव्हां विकत घेतांना मेंढा सकाळीं पाहूं नये. दुपारीं दोन-तीनचे सुमारास, सावलींत उभा असतां, बरगडीची हालचाल घड्याळ लावून मोजावी. एकाच कळपांतील, एकाच वयाच्या मेंढ्यांत ज्याचे श्वास कमी तो घ्यावा, मग तो अंगानें थोडा लहान कां असेना. अक्षय्य तृतीयेपासून त्यास दुपारीं निंबाखालीं बांधावें, चरावयास पहांटे व रात्रीं न्यावें, पाणी पुढ्यांत ठेवावें.

मेंढीचा माज सुमारें 17 दिवसांनीं फिरतो. मेंढा सोडतांना त्याच्या छातीस गेरू लावावा व अधूनमधून नवा चढवावा. रंगलेल्या मेंढ्या 17 दिवसांनीं पुन्हां रंगूं लागल्या, तर मेंढा तत्काळ बदलावा. हें आम्हांस ठाऊक असतें, तर त्या सालीं आषाढांतच दुसरा मेंढा आणिला असता.