गुडघ्याची शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे समाधान

बंगळुरूच्या उत्तरेस येलहंका येथे १९८४ पासून रेल्वेची चाके व आस बनविणारा कारखाना आहे. २००८ मध्ये जवळच देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि बांधकाम, वाहतूक, पहारा अशा उभ्याने करावयाच्या कामांना या भागात मागणी वाढली. अशा वस्तीत पंचेचाळिशीतल्या कामगाराचा गुडघा दुखू लागणे हा रोजगाराचाही प्रश्न ठरतो.

सरळ पायात शरीराचा सुमारे ६० टक्के भार गुडघ्याच्या आतल्या कप्प्यातून जातो. पाय धनुष्यासारखा वाकलेला असल्यास हा वाटा वाढतो व तेथील कूर्चा झिजते. अशा वेळी नडगीच्या हाडाला वरच्या बाजूस छेद देऊन, पाचरीच्या आकाराची फट उघडून ते धातूच्या पट्टीने नव्या कोनात बसवितात. भार बाहेरच्या निरोगी कप्प्याकडे सरकतो आणि मूळ सांधा शाबूत राहतो. अमेरिकेतील मार्क कोव्हेंट्री यांनी १९६५ मध्ये नडगीचे हाड वरच्या बाजूस छेदण्याच्या पद्धतीचे निष्कर्ष मांडले होते. पुढे सांधेरोपणाने तिला मागे टाकले. पण तरुण, कष्टाची कामे करणाऱ्या रुग्णांसाठी तिचे महत्त्व आजही टिकून आहे.

समाधानाचा प्रश्न येथेच गुंतागुंतीचा होतो. सांधेरोपणानंतरही साधारणपणे पाचांपैकी एक रुग्ण पूर्ण समाधानी नसतो, असे पाश्चात्त्य देशांतील पाहण्या सांगतात. अस्थिछेदनात हाड सांधण्यास काही महिने लागतात, आरंभी कुबड्या वापराव्या लागतात आणि पट्टी सलत असल्यास ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. हे आधी न सांगितल्यास क्ष-किरण चित्रात कोन अचूक दिसूनही रुग्ण नाराज राहतो. रोजंदारीवरील माणसाच्या हिशेबात तर शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षा बुडालेली मजुरीच जड असते, आणि कोणत्याही पॅकेजमध्ये ती धरलेली नसते.

खर्चाच्या बाजूने शासनाने बरेच केले आहे. १६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणाने कोबाल्ट-क्रोमियमच्या कृत्रिम गुडघ्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरविली. त्यापूर्वी त्याची सरासरी किंमत १,५८,३२४ रुपये होती. मात्र हा आदेश सांधेरोपणाच्या घटकांपुरताच होता. कर्नाटकात २०१८ मध्ये आरोग्य कर्नाटक व आयुष्मान भारत या योजना एकत्र आल्या. त्यांत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते, तर इतरांना पॅकेज दराच्या ३० टक्के साहाय्य मिळते. पैसा रुग्णालयाला पोहोचतो. रुग्ण वर्षभराने कामावर परतला का, हे त्या हिशेबात येत नाही.

इंग्लंडमध्ये एप्रिल २००९ पासून गुडघा बदलणाऱ्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर प्रश्नावली भरून घेतली जाऊ लागली. त्यासाठीच्या ऑक्सफर्ड गुणपत्रिकेत १२ प्रश्न असून कमाल गुण ४८ आहेत. ती जशीच्या तशी येलहंक्यात वापरणे पुरेसे होणार नाही. गुडघे टेकून उठण्याविषयी तीत प्रश्न आहे. परंतु मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयाचा वापर यांवर आपल्या रुग्णाचे समाधान अवलंबून असते. मूळ सांधा राखणाऱ्या शस्त्रक्रियेकडून त्याची अपेक्षाही मुख्यतः हीच असते. कन्नडबरोबरच तमिळ, तेलुगू, उर्दू व हिंदी बोलणाऱ्या या वस्तीत हे प्रश्न त्याच्या भाषेत, शक्यतो तोंडी आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज अन्य कोणीतरी विचारणे इष्ट. डॉक्टरांसमोर रुग्ण सहसा 'बरे आहे' एवढेच म्हणतो.