अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

प्रश्न : माझी २००८ची अल्टो आहे. गेवराईहून येताना खड्ड्यात जोरात आदळली. तेव्हापासून गाडी डावीकडे ओढते, पुढून खट्‌खट्‌ वाजतं. ओळखीचे म्हणतात, अलाइनमेंट केलं की झालं. की स्टिअरिंग रॅकच बदलावा लागेल?
– एक वाचक, तलवाडा (जि. बीड)

उत्तर : अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. ढिला सांधा त्यानं घट्ट होत नाही. पैसे जातील आणि गाडी पुन्हा ओढेल. रॅकची धास्तीही इतक्यात नको.

आधी टायर थंड असताना हवा बघा. मग पुढची दोन चाकं आपसांत बदला. ओढ उजवीकडे गेली, तर दोष टायरचा किंवा चेंबलेल्या रिमचा.

आवाजाचं मूळ सहसा वेगळं असतं. सपाट जागेवर, मागच्या चाकांना दगड लावून, पुढचं चाक जॅकवर उचला. (गाडीखाली अजिबात शिरू नका.) चाक डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खटका लागला, तर बहुधा टाय रॉड एंड. वर-खाली धरल्यावर लागला, तर लोअर आर्मचा बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. एवढ्या जुन्या गाडीत आर्मचे रबरी बुश खड्ड्याआधीच फाटलेले असतील. खड्डा फक्त निमित्त.

चाक वर-खाली हलत असेल, तर गाडी गेवराईपर्यंतही चालवत नेऊ नका. बॉल जॉइंट निसटला की चाक फाकतं आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं होतं. मेकॅनिकलाच घरी बोलवा. बदललेला जुना पार्ट मागून घ्या, हातानं हलवून बघा. अलाइनमेंट त्यानंतर.