विश्वचषकाचे नाव आणि आपल्या दुकानाचा फलक

समजा, अंबरनाथ पश्चिमेला आपले दुकान आहे आणि क्रिकेटचा विश्वचषक तोंडावर आला आहे. 'विश्वचषक धमाका' असा फलक लावावा, त्यावर स्पर्धेचे बोधचिन्हही छापावे, असे कोणत्याही व्यापाऱ्याला वाटेल. पण यातले किती चालते आणि किती नाही, हे समजून घेणे गरजेचे आहे.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे आयोजक जाहिरातीचा हक्क विकतात. शीतपेयासाठी एक कंपनी, टीव्हीसाठी एक, अशी वाटणी असते. पैसे न मोजता दुसऱ्याने त्या गर्दीचा फायदा उचलला, तर तो आयत्या बिळावर नागोबा झाला. यालाच 'अ‍ॅम्बुश मार्केटिंग' म्हणतात. ऑलिम्पिकमध्ये तर मैदानावर जाहिरातीचे फलकच लावू देत नाहीत.

१९९६ च्या विल्स विश्वचषकाचे अधिकृत शीतपेय कोकाकोला होते. पेप्सीने 'आमच्यात अधिकृत काहीच नाही' अशा अर्थाची जाहिरात केली आणि तीच जास्त गाजली. त्यानंतर आयोजक सावध झाले. २००२ साली आयसीसीने खेळाडूंवरच अट घातली, की प्रायोजकांच्या प्रतिस्पर्धी कंपन्यांची जाहिरात स्पर्धेच्या काळात करायची नाही. भारतीय खेळाडूंनी तिला विरोध केला आणि मोठा वाद झाला.

२००३ साली प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. फिलिप्सच्या मालावर विश्वचषकाचे तिकीट जिंकण्याची योजना होती. तिच्यात आयसीसीचे बोधचिन्ह वापरले नव्हते. 'वर्ल्ड कप' हे शब्द कोणा एकाची मालमत्ता नाहीत, असे धरून न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. त्याच वर्षी दुसऱ्या खटल्यात मात्र बोधचिन्हाचा वापर न्यायालयाने रोखला, कारण बोधचिन्ह ही कलाकृती आहे आणि तिच्यावर कॉपीराइट असतो.

यातून आपण काय घ्यावे?

१) सामन्यांच्या दिवसांत सूट जरूर द्या, पण फलकावर आपलेच नाव मोठे ठेवा.

२) स्पर्धेचे बोधचिन्ह, चषकाचे चित्र, खेळाडूचा फोटो परवानगीशिवाय छापू नका. 'अधिकृत' हा शब्द तर नकोच.

३) उल्हासनगर-अंबरनाथ परिसरात कपडे शिवणारे, छापणारे बंधू पुष्कळ आहेत. त्यांनी विशेष जपावे. खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणाऱ्यास १९९९ च्या कायद्यानुसार सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. मालही जप्त होतो. ऑर्डर देणारा नामानिराळा राहतो आणि छापणारा अडकतो. म्हणून आधी लेखी परवाना मागा.

कायद्याच्या पलीकडेही एक मर्यादा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने संघाच्या प्रायोजक दारू कंपनीचे चिन्ह अंगावर घेतले नाही. त्याच्या धावा त्यामुळे कमी झाल्या नाहीत. दुसऱ्याचे चिन्ह आपल्या मालावर लावून ग्राहकाला भुलवणे हीसुद्धा फसवणूकच आहे, आणि हलाल रोजी कमावणाऱ्याला ती परवडणारी नाही. आपल्या हातच्या कामावर आपलेच नाव असावे. बरकत त्यातच आहे.